हवेतलं जहाज आणि केबिनची किल्ली

शिमग्याच्या सुमाराला माझ्या मणक्यातली चकती सरकली आणि पस्तीस वर्षं बोटीवर उभा राहिलेला मी खाटेवर आडवा झालो. डॉक्टर म्हणाले, आता बोट विसरा. त्यांचं काय जातंय बोलायला! बोट माझी, तांडेल मी, सुकाणूवर दुसरं कोण उभं राहणार? तूर्तास म्हणून पुतण्याला दिली. दोन मुलांचा बाप, माझ्याच हाताखाली शिकलेला. पण ‘तूर्तास’ हे मी सगळ्या खलाशांसमोर मुद्दाम दोनदा म्हटलं होतं.

आमच्या घरची एक रीत आहे. बोट बंदराला लागली, मासळी उतरली, की केबिनची किल्ली तांडेलाच्या घरी येते आणि देव्हाऱ्याजवळच्या खुंटीला लागते. पुतण्या दर फेरीनंतर किल्ली आणून द्यायचा, मी खाटेवरून हात पुढे करायचो. तेवढंच तांडेलपण उरलं होतं माझ्याकडे.

पावसाळ्याची बंदी लागली, बोटी किनाऱ्यावर ओढून झावळ्यांनी शाकारल्या. लेक पुण्याला कॉम्प्युटरवर काम करते, ती सुट्टीला आली ती जुना लॅपटॉप घेऊनच. “बाबा, यात जहाज आहे. हवेत उडतं. तू कप्तान,” म्हणाली. मी म्हटलं, “मला काय कुकुलं बाळ समजतेस?” पण दिवसभर आढ्याकडे बघून मी इतका कंटाळलो होतो की बसलो खेळायला.

खेळ असा, की जग संपलेलं आहे. खाली सगळीकडे विषारी धुकं, त्यातून फक्त डोंगरांची टोकं वर आलेली. आपलं जहाज एका मोठ्या फुग्याला टांगलेलं. टोकाटोकावर उतरायचं, भंगार आणि खाणं गोळा करायचं, इंधन पुरवून वापरायचं, पाच खलाशी जगवायचे. हिरव्या बंदराला पोचलं की जिंकलं.

वाऱ्याचं काम मात्र झकास केलंय, हे मान्य करायला हवं. ओझं जास्त झालं की जहाज जड चालतं, वळायला वेळ लावतं, आणि वारा आडवा आला की आधीच सुकाणू फिरवावं लागतं. इंजीन बिघडायच्या आधी त्याचा आवाज बदलतो. तो आवाज मी पहिल्याच दिवशी ओळखला, तेव्हा लेकीने डोळे मोठे केले. ज्याने हे बनवलं तो कधीतरी बोटीवर उभा राहिलेला असणार, नाहीतर हे सुचत नाही.

पण बाकीचं? काय सांगू! सामान ठेवायच्या पेट्या इतक्या किचकट की एक दोरखंड शोधेपर्यंत जहाज डोंगराला धडकतं. चार टोकं बघितली की पाचवं तसंच. खलाशी तोंडातून अक्षर काढत नाहीत. पाच माणसं एका जहाजावर आणि भांडण नाही, टिंगल नाही, कालवणात मीठ कमी म्हणून बोंब नाही? असलं कुठं असतं? वायरलेस तर नाहीच. आणि खलाशी मेला की नुसता एक आकडा कमी होतो. त्याच्या घरी जाऊन कोणाला सांगावं लागत नाही. माझा एक खलाशी समुद्रात गेला, तेव्हा मला तसं जावं लागलं होतं. दारात त्याची आई तांदूळ निवडत होती. मी काही बोलायच्या आधीच तिने सूप खाली ठेवलं. ते सूप अजून माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही.

खेळात अर्ध्या वाटेवर धुक्यात एक लाल कंदील हलताना दिसतो. दुसरं जहाज बुडत असतं, त्यावर सहा माणसं. वळून त्यांना घेतलं, की ओझं वाढतं, खाणं संपतं आणि पुढच्या टोकाच्या अलीकडे इंधन संपून आपण सगळेच धुक्यात जातो. मी नऊ वेळा गेलो.

“बाबा, सोड ना त्यांना!” लेक वैतागली. “हा खेळच तसा आहे.”

“सोडू? अगो, कंदील हलवतायत ते!”

आमच्यात हात हलवणारी बोट दिसली की जाळं कापून तिकडे जायचं, त्यात चर्चा नसते. एकदा भर वाऱ्यात माझं इंजीन बंद पडलं तेव्हा चार बोटी आल्या. त्यातल्या एका तांडेलाशी माझं वर्षभर बोलणं नव्हतं. तो मला ओढून बंदरात घेऊन आला, दोर सोडला आणि परत न बोलता निघून गेला.

एके दुपारी पुतण्या आला. “द्या काका, बघू,” म्हणून त्याने लॅपटॉप ओढला. लाल कंदील दिसला. त्याने एकदा इंधनाकडे पाहिलं आणि सरळ पुढे गेला, मानही वळवली नाही. तासाभरात हिरव्या बंदराला पोचला, चहा प्यायला, घरी गेला.

हा असा? ह्याच्या हातात माझी बोट कशी द्यायची? खरं सांगतो, काळजी वाटलीच, पण त्याच्या खाली बरंही वाटलं. तो नालायक निघाला तर बोटीला मीच लागणार होतो ना! लाज वाटते हे लिहायला, पण वाटलं ते वाटलं.

नारळी पौर्णिमा झाली, बोटी निघाल्या. मी खाटेवर बसून मनात ठरवत होतो की थंडी पडली की पाठीला पट्टा बांधून आपणच उभं राहायचं. पंधराएक दिवसांनी भर दुपारी बायको जेटीवरून रिकामी टोपली घेऊन आली. “आपली बोट आली. मासळी नाही, जाळंही नाही,” एवढंच म्हणाली.

तिच्या मागून पुतण्या आला. भिजलेला, डोळे लाल. शिव्या खायच्या तयारीने दारातच उभा राहिला.

“काका, जाळं कापलं. बुरोंडीची बोट होती, पाणी शिरलेलं. ओढून आणली. सगळी माणसं ठीक आहेत.”

“कापायच्या आधी किती विचार केलास?”

“त्यात विचार कसला करायचा?”

“मग त्या खेळात? तो लाल कंदील?”

तो माझ्याकडे बघतच राहिला, काकाला वेड लागलं की काय म्हणून. “काका, तिथं कोण होतं? त्यांच्या घरी जाऊन कोणाला सांगायचं नव्हतं.”

माझ्या हाताखाली शिकलेला. तेव्हा त्या खलाशाच्या आईकडे मी निरोप घेऊन गेलो होतो ना, माझ्या मागे हाच उभा होता, वीस वर्षांचा. मी विसरलो होतो. तो नव्हता विसरला.

त्याने खिशातून किल्ली काढून पुढे केली. माझा हात सवयीने उठला, आणि मी तो परत मांडीवर ठेवला.

“राहू दे तुझ्याकडेच,” म्हटलं.

तो काहीतरी बोलणार होता, पण मी पाठ दुखते म्हणून भिंतीकडे तोंड करून आडवा झालो. त्या दिवशी पाठ अजिबात दुखत नव्हती.