वीस पेंढ्या कडबा

गंगाखेडच्या स्टँडवर पुण्याची गाडी लागली तेव्हा माझे वडील, आबा, पोतं खांद्यावर घेऊन माझ्या मागोमाग गाडीत चढले. पोत्यात ज्वारीचं पीठ होतं, शेंगा होत्या, तुरीची डाळ होती आणि मायनं कागदात बांधलेली कारळाची चटणी होती. माझ्या शेजारच्या सीटवर चाकांची बॅग घेतलेली एक मुलगी बसली होती. तिनं पोत्याकडे पाहिलं आणि पाय आत ओढून घेतले. मी आबांना म्हणाले, "हे खाली घेऊन जा. तिथं सगळं मिळतं."

आबा "बरं" म्हणून पोतं पुन्हा खांद्यावर घेऊन उतरले. गाडी सुटेपर्यंत ते खिडकीखाली उभे होते, पोतं पायाशी ठेवून.

तुम्ही जे राणीसावरगावच्या आसपास राहिलात, आणि जे माझ्यासारखे पुण्याला, संभाजीनगरला, हैदराबादला गेलात, त्या सगळ्यांसाठी मी हे लिहिते आहे. कारण 'तिथं सगळं मिळतं' हे वाक्य आपल्यापैकी पुष्कळांनी कधी ना कधी आपल्या माणसांना ऐकवलं आहे. मी तर ते पुढं अकरा वर्षं फोनवर ऐकवलं. आबा विचारायचे, "हुरडा पाठवू का? हरभऱ्याचा टहाळ?" मी म्हणायचे, "नका आबा, इथं सगळं मिळतं." त्यात मला वाटायचं, मी त्यांचा त्रास वाचवते आहे.

आमच्या घरात पदवी घेणारी मी पहिली. राणीसावरगावच्या शाळेचे आणि परभणीच्या कॉलेजचे माझ्यावर उपकार आहेत, ते मी कधी विसरणार नाही. नोकरी लागली, लग्न झालं, पुण्यात फ्लॅट झाला, सई झाली. या सगळ्या काळात आबा माझ्याकडे दोनदा आले. दोन्ही वेळा सोफ्याच्या कडेला बसले, जणू दवाखान्यात नंबर लागायची वाट बघतायत, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी निघाले. "गुरांचं कोण बघंल?" मला ते खरं वाटलं होतं.

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर लिनेट मावशी राहतात. मूळच्या वसईच्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, एकट्या. नाताळाच्या आधी महिनाभर त्या दाराशी गोठा मांडतात. येशूचे आईवडील, मेंढपाळ आणि जनावरं, सगळी मातीची. बाळ येशूची गव्हाण मात्र नाताळापर्यंत रिकामी असते. सोसायटीतल्या मुलांनी एखादं चांगलं काम केलं की येऊन सांगायचं आणि त्या गव्हाणीत एक काडी टाकायची. नाताळापर्यंत जेवढ्या काड्या जमतील तेवढं बाळाचं अंथरूण मऊ. त्यांच्याकडे हे लहानपणापासून चालत आलेलं आहे.

सई शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि थेट खाली पळायची. एकदा मी तिला बोलवायला गेले तर आतून तिचा आवाज ऐकू आला. झोपाळ्यावरची पाळी तिनं कोणाला तरी दिली होती आणि रडणाऱ्या मैत्रिणीशी बोलली होती, ते सगळं ती मावशींना सांगत होती. मला यातलं काही माहीत नव्हतं. मी विचारलं की ती म्हणायची, "काही नाही झालं शाळेत." मी दारातच उभी राहिले. त्या बाईंचा मला इतका हेवा वाटला की घंटा न वाजवता परत वर आले.

गेल्या वर्षी आमच्या सोसायटीनं ठरवलं की नाताळ पर्यावरणपूरक करायचा. मी समितीत होते. मी उत्साहानं सांगितलं की माझ्याकडे झाड आहे, प्लॅस्टिकचं असलं तरी दर वर्षी तेच वापरता येतं. पुण्यातल्या माझ्या पहिल्या पगारानंतरच्या डिसेंबरात मी ते घेतलं होतं. चमचमत्या पानांचं ते झाड खोलीत लावलं तेव्हा मला वाटलं होतं, आता आपण खरंच इथले झालो. सेक्रेटरी मॅडम गोड हसल्या आणि म्हणाल्या, "या वर्षी लिनेट मावशींचा गोठाच मध्ये ठेवू. तो जास्त नॅचरल आहे."

पण मावशींची एक अडचण होती. पूर्वी वसईला त्यांच्या वाडीत भाताचा पेंढा मिळायचा. आता तिथं इमारती झाल्या. गेली काही वर्षं त्या कापलेल्या कागदाच्या पट्ट्यांवर भागवत होत्या. त्यांनी मला सहज विचारलं, "तुमच्या गावाकडे गवत, पेंढा काही मिळेल का गं?"

मी लगेच हो म्हणाले. खरं कारण सांगते. सई म्हणेल, हे माझ्या आईनं आणलं, एवढंच माझ्या मनात होतं.

दुपारी ऑफिसातून आबांना फोन लावला. "आबा, थोडा कडबा पाहिजे होता."

आबा म्हणाले, "जनावर घेतलंस का काय?"

"नाही हो. खालच्या मावशींकडे गोठा आहे. त्यांना पाहिजे."

"पुण्यात गोठा? काय काय हाय त्यात?"

"गाय आहे, एक गाढव आहे, तीन मेंढरं," मी म्हणाले, आणि तेवढ्यात मीटिंग सुरू झाली म्हणून फोन ठेवला. सगळं मातीचं आहे, हे सांगायचं राहून गेलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉचमनचा फोन आला, "मॅडम, तुमचे वडील आलेत, वैरण घेऊन." खाली गेले तर फाटकाशी कडब्याच्या वीस पेंढ्या रचलेल्या आणि त्यांच्यावर हात ठेवून आबा उभे. ट्रॅव्हल्सच्या डिकीत घालून आणल्या होत्या. कमरेला विळा होता.

"आबा, मला मूठभर पाहिजे होता."

"मूठभर कडबा कोण मागतंय, बाई? एका गाईचं चार दिवसाचं धरलं. गाढवाला थोडा. मेंढरांना पाला काढून घालता येतो."

मी त्यांना मावशींच्या दाराशी नेलं. तळहातावर मावेल एवढी ती मातीची गाय. आबांनी ती उचलली, पालथी करून पाहिली, पुन्हा जागेवर ठेवली.

"ही खाईल वरीसभर," ते म्हणाले.

मावशी हसून हसून खुर्चीत बसल्या. आबाही हसले. माझ्या घरात मी त्यांना असं हसताना पाहिलेलं नव्हतं.

मला वाटलं, आबा दुसऱ्या दिवशी निघतील. ते निघाले नाहीत. मावशींच्या अंगणात पाट मांडून बसले, कडब्याची ताटं विळ्यानं कापली, गोठ्याला छप्पर केलं, वाळलेला पाला सोलून मुलांसाठी बारीक काड्या काढल्या. मावशी त्यांना वसईच्या वाडीतल्या वेलींविषयी सांगायच्या, आबा त्यांना येलदरी धरणाच्या पाण्याविषयी. मी ऑफिसातून आले की दोघांचा चहा झालेला असायचा.

"आबा, गुरांचं कोण बघतंय?" मी तिसऱ्या दिवशी विचारलं.

"तुझी माय हाय की."

माय तर मागच्या दोन्ही वेळेलाही होती.

समितीतल्या मुलामुलींनी सजावटीला चमकी आणि बर्फाचा स्प्रे आणला होता. चमकीचा डबा उघडला तसा आबांनी हात मध्ये घातला.

"हे कडब्यावर टाकू नका."

"आजोबा, सजावट आहे. दोन दिवसांचीच."

"आन मग?"

"मग टाकून द्यायचं."

आबांनी त्या मुलाकडे असं पाहिलं, जणू त्यानं ताटात पाय दिला. "कडबा टाकून देत न्हाईत, बाळा. आज हितं हाय, उद्या गुराच्या पुढं जाणार. गुराच्या पोटात चालंल तेवढंच त्याच्यावर घाला."

त्या एका वाक्यावर आमच्या सोसायटीचा नाताळ झाला. जे गाईच्या पोटात चालेल तेच लावायचं. मुलांना हा खेळच मिळाला. कोणी ज्वारीच्या लाह्यांच्या माळा ओवल्या, कोणी झेंडू आणला, रसवंतीवाल्याकडून उसाचे वाढे, म्हणजे हिरवे शेंडे, आणले. माळ ओवायला बारीक सुतळी वापरली, तीही काढून ठेवायची म्हणून मुलांनी गाठी मोजून ठेवल्या. थर्मोकोलचा तारा घेऊन आलेल्या एका काकांना सईनं दारातच विचारलं, "हे गाय खाईल का?" आणि ते परत गेले. घरी येऊन तिनं माझ्या झाडाकडेही पाहिलं. "आई, हे तर गाय अजिबात खाणार नाही," ती म्हणाली. मी ते झाड पेटीत भरून माळ्यावर ठेवलं.

नाताळाच्या दिवशी गोठ्याशेजारी फलक होता. संकल्पना: लिनेट मावशी. विशेष आभार: सईचे आजोबा. फोन मी केला होता. कडबा माझ्या शब्दावर आला होता. सगळे आबांना भेटत होते, मावशींबरोबर त्यांचे फोटो काढत होते, आणि मी केकच्या बशा गोळा करत होते. एवढ्या शिकलेल्या बाईनं असं वाटून घेऊ नये, हे मला कळत होतं. तरी वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी आबांनी पेंढ्या पुन्हा बांधल्या. मी म्हणाले, "आता या कुठं न्यायच्या?" त्यांनी कालव्याच्या बाजूला बोट केलं. "तिकडं गवळ्याचा गोठा हाय. तीन म्हशी, एक गाय. सकाळी फिरायला जायलो तवा बोलून ठेवलंय." माझ्या घरापासून पाच मिनिटांवर गोठा आहे, हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मुलांनी एकेक पेंढी डोक्यावर घेतली, आबा पुढं, मावशी छत्री टेकत मागं. गाईनं लाह्यांसकट कडबा खाल्ला तेव्हा मुलं टाळ्या वाजवत होती. गव्हाणीतल्या काड्या मात्र सईनं दिल्या नाहीत. त्या तिनं आगपेटीत भरून ठेवल्या.

परत आल्यावर आबांनी पिशवी भरायला घेतली. चार दिवसांवर येळवस आली होती. परगावच्या वाचकांसाठी सांगते, येळवशीला, म्हणजे वेळा अमावास्येला, आमच्याकडे अख्खं गाव शेतात जेवतं. कडब्याच्या पेंढ्यांची कोप, म्हणजे छोटी खोप, उभी करायची, आत चुन्यानं रंगवलेले पाच दगड, ते पाच पांडव, त्यांची पूजा करायची. मग भज्जी म्हणजे दाण्या-पाल्यांची मिसळ भाजी, बाजरीचे उंडे, खीर आणि मडक्यातली ताकाची आंबील. वाटेनं जाणाऱ्यालाही हाक मारून बसवतात.

मावशी निरोप द्यायला वर आल्या होत्या. आबा त्यांना म्हणाले, "ताई, अमावास्येला आमच्या शेतात या. आंबील प्यायला. यावंच लागतंय."

मी चहाचा ट्रे घेऊन उभी होते. आबांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. पूर्वी ते दर वर्षी विचारायचे आणि मी रजा नाही म्हणायचे. मग कधीतरी त्यांनी विचारणं सोडलं, आणि मला ते कळलंसुद्धा नव्हतं. माझ्या बापाच्या शेतात जायचं बोलावणं माझ्या शेजारणीला माझ्याच घरात मिळत होतं. मी ट्रे ठेवला.

"आबा, मी येऊ का?"

"विचारतीस काय?" आबा पिशवीची गाठ मारता मारता म्हणाले. "तुला काय बोलवायचं असतं व्हय? बोलवायचं असतंय ते पाव्हण्याला."

मी आत जाऊन रजेचा अर्ज टाकला.

आम्ही तिघी गेलो. मावशी कोपीसमोर पोचल्या आणि थांबल्या. वाकून आत पाहिलं, कडब्यावर हात फिरवला. "भाऊ, हा तर आमचाच गोठा," त्या म्हणाल्या. मायनं त्यांना कोपीच्या सावलीत घोंगडीवर बसवलं, आंबिलीचा पहिला तांब्या त्यांच्या हातात दिला, शेजारच्या बायकांना सांगितलं, "पुण्याच्या पाव्हण्या हायत." माझ्याकडे वळून म्हणाली, "बघत काय राहिलीस, भज्जी वाढ." मी पदर खोचून उन्हात पंगत वाढत राहिले. सईनं आगपेटी उघडून काड्या कोपीत पांडवांच्या पायाशी ठेवल्या. एकेक काडी ठेवताना ती काहीतरी पुटपुटत होती. या वेळी मी जवळ होते, मला ऐकू येत होतं.

आपण गावाबाहेर पडलेली माणसं घर म्हणजे काय यावर पुष्कळ बोलतो. मला आता एवढं कळतं की जिथं आपल्याला बोलावत नाहीत आणि गेल्याबरोबर वाढायला लावतात, ते घर. हे कळूनही हेवा गेला नाही. घोंगडीवर बसलेल्या मावशी मला अजून दिसतात. कोणीतरी आपल्यालाही आदरानं बोलवावं, आपण यावं म्हणून वाट पाहावी, असं वाटतं.

यंदा येळवस नाताळाच्या आधीच आली. मी रजा टाकली होती, तिकिटं काढली होती. तरी आबांना फोन केला.

"आबा, एकदा मलाही बोलवा की. पाहुण्यासारखं."

त्यांनी घसा साफ केला आणि सोयऱ्यांशी बोलतात त्या आवाजात म्हणाले,

"ताई, अमावास्येला जेवायला यावं. लेकीला घेऊन या. येताना काही आणू नका. हितं समदं मिळतंय."