धवलारणीचा गळा

आमच्या पनवेलच्या चाळीत कुणाचंही दार न वाजवता तिन्ही मजल्यांवरच्या बायकांना खाली आणणारी एकच बाई होती. नाक्यावर टोपली उतरवायची, पदर खोचायची आणि "शेंगा घ्या गो" एवढंच म्हणायची. ओरडायची म्हणाल, तर अजिबात नाही. पण तिसऱ्या मजल्यावर माझी आई पिठाचे हात तसेच घेऊन जिना उतरायला लागायची. शेजारचे काका म्हणायचे, या बाईला एसटी स्टँडवर बसवा, भोंग्याचा खर्च वाचेल.

भाजी विकणं हा तिचा जोडधंदा. खरी ती धवलारीण. आमच्याकडच्या वाचकांना हे सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगते. आगरी लग्नात जी विधीची गाणी असतात ते धवले, आणि ते गाऊन लग्न लावणारी बाई ती धवलारीण. तिने गायल्याशिवाय हळद लागत नाही की नवरी पाटावर बसत नाही. कर्नाळ्याच्या वाटेवरच्या चार-पाच गावांत हिचाच गळा चालायचा. एकदा धवला चालू असताना नवरदेवाचा मामा मोठमोठ्याने गप्पा मारत होता. हिने गाणं थांबवलं आणि शांतपणे म्हणाली, "मामाचं होऊ द्या आधी. नवरीला काय, बसंल ती." मामा लग्न लागेपर्यंत मान वर करू शकला नाही.

गळ्याला ती जिवापाड जपायची. बर्फाचा गोळा नाही, परक्याच्या घरचं लोणचं नाही. मिसरी मात्र दिवसातून तीनदा. जळलेली तंबाखू ती, गळ्याला ती चालते कशी, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "मिसरी दाताला लावतात, गल्याला नाय." मी मुंबईच्या एका सरकारी कचेरीत नोकरीला होते म्हणून मला ती 'हापिसवाली' म्हणायची आणि माझ्या घाईघाईच्या चालण्यावर हसायची.

नव्वद सालाच्या आसपासची गोष्ट. एका हिवाळ्यात तिचा आवाज बसला. आधी तिने चिंचेला दोष दिला, मग कुणाच्या तरी नजरेला. मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या, ज्येष्ठमध चघळून झालं. दोन महिने होऊन गेले तरी आवाज फाटलेलाच. आईने तिला जवळजवळ धरूनच आमच्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी घशात आरसा घालून पाहिलं आणि मुंबईच्या मोठ्या इस्पितळाची चिठ्ठी दिली. ती चिठ्ठी घेऊन ती माझ्याकडे आली. "तू रोज मुंबईला जातंस. मना ने. पन गावात बोलायचं नाय. धवलारीन आजारी म्हंजे मांडव दुसरीकडं गेला." घरातही फक्त मुलाला आणि सुनेला ठाऊक होतं.

तपासण्या झाल्या. स्वरयंत्राच्या पट्टीवर छोटी गाठ होती, कॅन्सरची. डॉक्टरीण बाई तरुण होत्या, पण फार नीट बोलल्या. गाठ लवकर सापडली आहे, शेक दिला तर बरी होण्याची आशा चांगली आहे, ऑपरेशन केलं तर आवाजाचं नुकसान जास्त होईल. हिने एकच प्रश्न विचारला, "गला राहील का?" बाई म्हणाल्या, "राहील असं मला वाटतं, मावशी. पहिल्यासारखा राहील, हे वचन मी देऊ शकत नाही." ही मान हलवून म्हणाली, "खरं बोलली. हिच्याच हातचा शेक घेनार."

मग सहा-साडेसहा आठवडे, शनिवार-रविवार सोडून रोज, सकाळच्या पहिल्या एसटीने आम्ही दोघी निघायचो. शेक म्हणजे किरणांचा. एका खोलीत तिला एकटीला निजवायचे, दार बंद व्हायचं, मोठं मशीन मानेच्या एका बाजूने आणि मग दुसऱ्या बाजूने दोन-दोन मिनिटं घरघरायचं. दुखत काहीच नव्हतं. किरण नेमके कुठे पाडायचे, यासाठी मानेवर दोन्हीकडे जांभळ्या शाईच्या फुल्या काढल्या होत्या. मशीन चालवणारे दादा पिकल्या केसांचे, करड्या शिस्तीचे. पहिल्याच दिवशी त्यांनी बजावलं, "खुणा पुसल्या तर शेक बंद. पाणी नाही, साबण नाही, तेल नाही, पावडर नाही." तिने सगळं मान हलवून ऐकलं आणि गावात खुणा दिसू नयेत म्हणून पदर गळ्याभोवती घट्ट गुंडाळून हिंडायला लागली.

तिसऱ्या आठवड्यात घसा आतून सोलवटला. पेज सुद्धा घोट घोट घ्यायची. डॉक्टरीण बाईंनी बोलणंही बंद करायला सांगितलं. गावाला काय सांगायचं? तिने उत्तर काढलं होतं. कर्नाळ्याच्या देवीला मौनाचा नवस बोलले, असं सुनेकडून सगळीकडे पसरवून दिलं. गावाने हात जोडले. मला म्हणाली, कुजबुजतच, "देवी काय, सांभालून घेल."

नेमकी त्याच आठवड्यातल्या रविवारी तिच्या भाचीची हळद आली. मलाही बोलावणं होतं. ऊन उतरताना मांडवात पोचले, तर पंगतीच्या आधी चहा घे म्हणून कुणीतरी मला घरात ओढलं. मी गेले आणि तिथेच माझं चुकलं. त्या गावात नवरीच्या आधी धवलारणीला हळद लावायची रीत. मौनामुळे गायला दुसऱ्या गावची धवलारीण यायची होती, तरी मान हिचाच. बायकांनी हौसेने तिचा पदर सोडला आणि तेलात कालवलेली हळद दोन्ही हातांनी मानेला चोळली. मी कप टाकून बाहेर धावले तेव्हा मान पिवळीधमक झाली होती आणि एका बाईचे तळवे जांभळे दिसत होते. हे गोंदण कसलं, म्हणून एकीने विचारलं. धवलारणीने माझ्याकडे पाहिलं. मी सांगितलं सगळं. किती घाबरले होते मी! आता मांडव दुसरीकडे जाणार आणि त्याचं खापर माझ्यावर.

झालं भलतंच. भाचीची आई, म्हणजे तिची नणंद, उठली आणि म्हणाली, "दुसरी धवलारीन येनार नाय. आमी गातंव. तू निस्ता हात दाव." आणि त्या बायका गायला लागल्या. अर्धी गाणी चुकीची, अर्धी अडखळत. ही पाटावर बसून हाताने ताल धरत होती, चुकलं की बोट हलवायची, ओळ विसरली की ओठ हलवून सांगायची. हळद लागली. मला रडू आलं, ते मी चुलीच्या धुरावर ढकललं.

सोमवारी दादांनी पदर बाजूला केला आणि बघतच राहिले. "तेल नाही म्हणून सांगितलं होतं ना, मावशी?" हिने मला खुणेने जवळ बोलावून कानात सांगितलं आणि मला ते मोठ्याने सांगावं लागलं, "त्या म्हणतात, हळद तेलात धरायची नाही. हळद देवाची असते." दादांचा पारा चढला. त्या दिवशी शेक झाला नाही. खुणा नव्याने काढाव्या लागल्या, बुडालेला दिवस शेवटी जोडून दिला. येताना ती एसटीत माझा हात धरून बसली होती. एका दिवसाने गळा गेला असेल का, हेच तिच्या मनात होतं, आणि माझ्याही. दुसऱ्या दिवशी दादा बाकावरच्या नव्या पेशंटला सांगत होते, "पाणी नाही, साबण नाही, तेल नाही, आणि हळद नाही. देवाची सुद्धा नाही."

शेक संपला तेव्हा मान काळवंडली होती आणि आवाज पहिल्यापेक्षा वाईट होता. असं होतं, थांबा, असं डॉक्टरीण बाई म्हणाल्या. आम्ही थांबलो. तीन महिन्यांनी त्यांनी आरसा घालून तिला "ई" म्हणायला लावलं. मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होते, एकही तारीख दिसत नव्हती. बाईंनी आरसा काढला. "स्वच्छ आहे, मावशी. हळूहळू गायला लागा." तिने एकदा माझ्याकडे, एकदा बाईंकडे पाहिलं आणि त्या भरल्या खोलीत खाली फतकल मारून बसली. मग आम्ही दोघींनी बाहेर येऊन उसाचा रस प्यायला. बर्फ न घालता.

आवाज आला, पण जाड होऊन आला. वरच्या पट्टीत जायचा नाही. तिने त्याचं दुःख केलं नाही. "बारीक गला गेला, जाडा आला. आला ना?" म्हणायची. वरची ओळ आता गावच्या बायका उचलायच्या. मौनाच्या दिवसांत त्यांना निम्मी गाणी येऊ लागली होती. पुढे ती बारा-तेरा वर्षं गायली आणि गेली ती म्हातारपणाने, झोपेत. गळ्याने नाही.

शेकानंतर तिने लावलेलं पहिलं लग्न मला लख्ख आठवतं. धवल्यात सुरुवातीला देवांना, मग घरच्या वाडवडलांना नावं घेऊन मांडवात बोलावतात. तिने त्या जाड्या आवाजात सगळे देव बोलावले, पूर्वज बोलावले आणि मग मुंबईच्या डॉक्टरीण बाईला बोलावलं. जांभल्या शाईच्या दादाला बोलावलं. बायका हसू दाबत ओळ मागे म्हणत होत्या. मी वाट बघत राहिले. माझं नाव आलंच नाही. रोजच्या एसटीचे माझे ते सगळे दिवस मला आठवले, आणि खोटं कशाला बोलू, मला राग आला. जेवणं झाल्यावर मी तिला म्हटलंच, "मावशी, सगळ्यांना बोलावलंत. मी कुठे गेले?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी फारच खुळी आहे. म्हणाली, "जो लांब हाय त्याला बोलावतात, बाय. तू तं मांडवात बसलेलीच हायेस."

तिच्या गावातल्या लग्नांना मी अजून जाते. पत्रिकेची वाट बघत नाही.