गोंड्याला पुसलेलं नाक

१९९३ च्या झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारी, संध्याकाळी साडेपाच वाजता, मंठ्यात आमच्या चर्चच्या मांडवात माझ्या गणिताच्या बाईंचा अपमान झाला. तो आम्ही केला. बाई यहुदी. कोकणातून बदलून आलेल्या, गावात त्यांचं एकच घर.

नाटकातल्या परूशाच्या, म्हणजे येशूच्या काळच्या यहुदी धर्मपंडिताच्या सोंगासाठी मीच त्यांच्याकडून त्यांच्या वडिलांची प्रार्थनेची शाल मागून आणली होती. चारही टोकांना गोंडे. "प्रभूच्या नाटकाला लागती बाई," एवढंच सांगितलं. आमच्या परूशानं त्या गोंड्याला नाक पुसलं, मांडव हसला. मग मी लिहिलेलं पत्रक वाटलं गेलं: परूशी म्हणजे ढोंगी, यहुद्यांचा धर्म म्हणजे कोरडे नियम. बाईंनी ते दुसऱ्या रांगेत बसून पुरतं वाचलं, घडी घातली आणि उठून गेल्या.

सोमवारी शाल द्यायला निघालो. वाटेत तीनदा सायकल थांबवली. त्या रागावल्या असत्या तर सुटलो असतो. त्यांनी डाग पाहिला अन् विचारलं, "तुमच्या बायबलातली ती आजारी बाई बरी व्हायला प्रभूच्या वस्त्राला कुठं शिवली?"

"गोंड्याला."

"मग नाक कुणाच्या गोंड्याला पुसलंत?"

त्याच पुढं म्हणाल्या, "परूशी वाद घालायचे, कारण शास्त्र समजून घ्यायचं ते वादानंच. तुमचा प्रभू त्यांच्याच घरी जेवायला बसायचा ना? रोमी लोकांनी यरुशलेमचं आमचं मंदिर पाडलं तेव्हा आमचा शनिवारचा शब्बाथ, आमची प्रार्थना त्यांच्याच वाटेनं चाललेल्या रब्बींनी, आमच्या धर्मगुरूंनी, घराघरात जपली. मेलेले उठतील, हे परूशीही मानत होते. तुम्ही मयताला तेच म्हणता."

शुक्रवारी हेच नाटक आष्टीला होतं. गुरुवारपर्यंत टाळलं. शेवटी चर्चच्या पाळकसाहेबांना गाठलं, सगळं सांगितलं.

"शाल नसली तर चादरीला गोंडे बांधू की. तू कामून भिऊन राह्यला? बाई काय आष्टीला येणार न्हाईत."

"पण साहेब, पत्रकात लिवलं ते खोटं हाय."

"मंग लोकायला हसवायचं कशानं?"

मी पत्रकांचा गठ्ठा उचलला. उत्तम शुक्रवारी, म्हणजे गुड फ्रायडेला, जीपमधून आष्टीला गेलो, पत्रकं माझ्याच हातानं वाटली. दर माणसाला देताना वाटायचं, आता हा विचारील, हे खरं का? कुणीच विचारलं नाही. बाईंनी पुढं वर्षभर शिकवलं, पण मला फळ्याजवळ पुन्हा बोलावलं नाही.

आपली मंडळी अजून घाबरते ती एवढ्यालाच, की परूशी वाईट ठरला नाही तर प्रभू मोठा कसा दिसेल. दुसऱ्याला ढोंगी ठरवून मोठा होणारा प्रभू मला नको. तुमच्याकडं यंदा हे सोंग बसत असेल तर आजच पाळकांकडं जा आणि ते बंद पाडा. माझ्यासारखं एकदा बोलून परत येऊ नका.