भांगाचा चंद्र

माझ्या नवऱ्याला, निमेशला, कोणी मच्छीमार म्हणा, कोणी येडा म्हणा, दोन्ही खरं. आमच्या दांडी गावातले बाकीचे होडीच्या इंजिनाशी झटतात, हा चंद्राच्या मागे लागला. मी कपाळाला हात लावला, पण कारण कळलं तेव्हा तो हात खाली आला.

कारण म्हणजे माझे सासरे, भिकाबाबा. जन्मभर चंद्र बघून पाण्याचा अंदाज सांगितला, आणि आता डोळ्यांचा पडदा गेला. ऑपरेशनने नजर परत येण्यातली नाही. मोठं, ठळक असेल तेवढं दिसेल, डॉक्टर म्हणाले. बाबा मात्र ताकास तूर लागू देत नसत. काहीही दाखवा, "दिसतंय, दिसतंय, छान हाय!" एकदा मी लग्नाचा अल्बम चुकून उलटा धरला, तरी छानच! मला रडूच आलं.

निमेशला त्यांना एकदा चंद्र दाखवायचा होता, टीव्हीभर.

तयार दुर्बीण घ्यायची तर होडी विकावी लागली असती. म्हणून त्याने आरसे आणि भिंग तेवढं मागवलं, बाकी सगळं घरातलंच. सांडपाण्याचा जाड पाइप आतून काळा रंगवला. प्लायच्या बैठकीखाली कॅरमच्या सोंगट्या चिकटवल्या, म्हणजे ती गुळगुळीत फिरते. पाइपचं तोंड जड झालं तर शेपटाला जाळ्याचं शिसं बांधलं. फोटोसाठी भिंगाशी मोबाइल बसवायला भोक पाडलं कशाला, तर माझ्या लोणच्याच्या बरणीच्या झाकणाला!

"मेल्या, लोणचं उघडं पडलं माझं!"

"बाबांसाठी हाय ग, हेमांगी," म्हणाला. मी लोणच्यावर ताटली झाकली.

त्याला पुनवेचा चंद्र हवा होता. पण पुनवेला उधाण, आणि उधाणाच्या ओढीत जाळी भरतात, म्हणून तेव्हा हा समुद्रात. होड्या किनाऱ्याला लागतात त्या भांगाला, म्हणजे अष्टमीच्या आसपास, पाण्याला जोर नसतो तेव्हा. मी चिडवलं, "तुझ्या नशिबी अर्धाच चंद्र रे!" तर हा खूशच झाला. अर्ध्या चंद्राच्या कडेलाच म्हणे खड्डे उठून दिसतात.

पहिले फोटो आले ते पेजेसारखे पांढरे. बोट लागलं की सगळं हलायचं. मग इअरफोनचं बटण दाबून फोटो काढायची युक्ती सापडली. पण चंद्र कुठे थांबतोय? सरकला की पाइप हळूच ढकलायचं काम माझ्याकडे.

परवा शुद्ध अष्टमीला, दिवेलागणीला, बोंबील सुकवायच्या जागेतच फोटो जमला. लगेच टीव्हीवर लावला. अगो बाई, केवढा चंद्र! बाबांची खुर्ची टीव्हीला खेटून मांडली. आता "छान हाय" आलं की संपलं, दिसलं की नाही ते कळायचंच नाही.

बाबा पुढे वाकले. नाक काचेला टेकलं. मग कपाळावर आठी.

"काय हाय ह्ये?"

"चंद्र, बाबा. आताच काढला."

"खोटं! आज शुद्ध अष्टमी. उजेड मावळतीच्या अंगाला पायजे, ह्या बाजूला. तुमी वद्यातला दाखवताय. नायतर उलटा हाय! आमाला येडं समजता काय?"

दुर्बिणीत सगळं उलटंच दिसतं, आणि घाईत फोटो फिरवायचा राहून गेला होता. निमेश मटकन बाबांच्या पायाशी बसला. हसतोय की रडतोय, कळेना.

"हेमांगी, बाबांना दिसला ग!"

"दात काय काढतोस? सरळ कर आधी!" बाबा खेकसले.

सरळ केला. ताटातलं जेवण थंड झालं तरी बाबा तिथून हलले नाहीत. आणि एकदाही "छान हाय" म्हणाले नाहीत.