कबड्डीच्या मैदानाचा बांध

मे महिन्यातला शेवटचा शनिवार, शाळेच्या आवाराची साफसफाई, मुलांना मजुरी प्रत्येकी शंभर रुपये, हजर आम्ही तिघे: पेणच्या आमच्या शाळेचे मुख्याध्यापक, नववी झालेला मी आणि माझ्याच वर्गातली, मिठागरावरच्या घरातली एक मुलगी. मी कुंपणालगतचं वाळलेलं गवत काढत होतो आणि तिच्याकडे कबड्डीचं मैदान सारखं करायचं काम होतं. तिने घरच्या सवयीने माती भिजवली, पायांनी तुडवून पाट्यासारखी गुळगुळीत केली आणि चारी बाजूंनी वीतभर उंच बांध घातला. "अगं, पावसात इथे तळं होईल!" मुख्याध्यापक म्हणाले. "पाचच्या गाडीने मी रोह्याला जाणार. तोवर बांध काढ, नाहीतर मजुरी नाही." दहावीची पुस्तकं ती या पैशांतून घेणार होती; तिचे डोळे भरून आले. तेवढ्यात तिचे वडील तिला न्यायला आले. त्यांचं स्वतःचं मिठागर त्याच वर्षी उधाणात बांध फुटून बुडालं होतं. त्यांनी चपला काढल्या, त्या ओल्या मातीवर हलकेच पाय ठेवला आणि हसले, "हितं मीठ पिकवाचा हाय काय गो?" मग फावडं घेऊन त्यांनीच तो बांध सावकाश काढला. मुख्याध्यापकांनी आम्हा दोघांना शंभर-शंभर दिले आणि तिच्या वडिलांपुढेही एक नोट धरली. "नाय मास्तर, बांध घालाची मजुरी घेतो, फोडाची नाय." आज माझी मुलगी दहावीला आहे आणि तिची पुस्तकं घेताना मला ते बोलणं आठवलं. ती तिसरी नोट मुख्याध्यापकांनी त्या संध्याकाळी गाडीला जाता जाता स्टँडसमोरच्या पुस्तकांच्या दुकानात माझ्या वर्गातल्या त्या मुलीच्या नावावर जमा केली होती.