तळाची माती

काकू स्वतःच्या तरुणपणाविषयी बोलत, ते दुसऱ्याच कुणाविषयी बोलावं तसं. "ती पोरगी लई मिजासखोर होती," असं म्हणत. ती पोरगी म्हणजे लग्न होऊन दिंद्रुडला आलेल्या, विशीतल्या त्या स्वतः. त्या वयात त्यांनी मळ्यातल्या विहिरीचा तळ गाठून मूठभर माती वर आणली होती.

आमच्याकडे नियम असा, की बुडी मारणाऱ्याने तळाची माती दाखवायची. हात रिकामा, तर तळ गाठलाच नाही. गल्लीतल्या आम्हा सगळ्यांना काकूंनीच पाठीला डबा बांधून पोहायला शिकवलं आणि हा नियमही. "तोंडानं सांगू नको. मूठ उघड," एवढंच म्हणत.

साठीला गुडघे कुरकुरू लागले. किराणा दुकानात बसून अंग जड झालं होतं. डॉक्टरांनी चालायला सांगितलं, काकूंनी विहीर धरली.

"त्या पोरीनं एकच मूठ आणली. दुसरा हात वर यायला मोकळा ठेवला. मी दोन्ही आणणार."

म्हणजे वर येताना नुसते पाय मारायचे. दुखत होते तेच. पावसाळाभर दुकान उघडण्याआधी त्या विहिरीवर जात, पायरीला धरून पाय मारत राहत.

धाकटे दीर चिडत. "वहिनी, ह्या वयात कावून जिवाशी खेळता?"

"भावजी, त्या पोरीला कुणीतरी हरवायला पायजे. दुसरं कोण हरवणार?"

दसऱ्याच्या सकाळी काकूंनी कासोटा घट्ट केला आणि सूर मारला. पाणी निवळलं तरी त्या दिसेनात. दीर सदरा काढू लागले, तेवढ्यात डोकं वर आलं. हात रिकामे.

"तळ न्हाई लागला, वहिनी!"

"लागला. खाली नुसता खडक हाय. गाळ तुमीच काढला की उन्हाळ्यात!"

खरं होतं. यंत्र लावून विहीर दिरांनीच साफ करून घेतली होती. महिनोन्महिने मातीची चर्चा चालली, पण हे एकाच्याही ध्यानात आलं नव्हतं. दीर ओशाळले. "मानलं. या आता वर."

"तुमी मानून काय व्हतंय? ती मानंल का?"

काकूंनी दम घेतला आणि पुन्हा खाली गेल्या. या वेळी पाण्याबाहेर आधी दोन मुठी आल्या, मग डोकं. पायरीवर बसून त्यांनी मुठी उघडल्या. दोन्हींत काळ्या दगडाच्या कपऱ्या होत्या, बोटं सोलली होती. उठताना मात्र दिरांचा हात धरावा लागला.

नोकरीसाठी गाव सोडताना मी भेटायला गेलो. आता समाधान झालं का, असं विचारलं.

"तिचं मिटलं," काकू म्हणाल्या. "आता ह्या साठीच्या बाईकडं बघायचंय. लई माजलीय."

पुढच्या पावसाळ्यापर्यंत काकू राहिल्या नाहीत. विहीर भरली की गल्लीतल्या मुली बुड्या मारतात, एका मुठीत जे सापडेल ते आणतात. दोन्ही मुठी भरून अजून एकही वर आलेली नाही. पण पायरीला धरून पाय मारणं रोज चालू असतं.