फ्लेक्सवरची बंदूक काढा

फ्लेक्सवर आमच्या मालकांच्या हातात बंदूक कुणी चिकटवली?

जय भीम, गाववाल्यांनो. आज सकाळी समाजमंदिरात मालकांचा पहिला स्मृतिदिन झाला. उपसरपंचांनी भाषणात त्यांच्याकडून दहा शत्रू मारून घेतले. मी उठून माईक घेतला. म्हटलं, "आप्पा, एकाहत्तरच्या लढाईत हे जखमींना पट्ट्या बांधत होते. गोळी एकपण झाडली न्हाई."

पलटणीतून आल्यावर ते आरोग्य खात्यात लागले. भीमेच्या दोन्ही काठांवरच्या गावांचं पाणी तपासायचे. माझ्या माहेरी, राहू गावात, माझ्या भावाचं लग्न होतं. पंगत बसली, तवा ह्यांनी पिंपातलं पाणी बाटलीत घेऊन औषधाचे थेंब टाकले. पाणी पिवळं झालं न्हाई, म्हंजी पिंपात जंतू मारायची पावडरच पडली नव्हती. ह्यांनी पावडर टाकली आन् अर्धा तास कुणाला घोटभर पाणी पिऊ दिलं न्हाई.

माझा बाप खवळला, "पाव्हणं, तुम्ही जावई हाय का साहेब?"

हे म्हणाले, "अर्धा तास साहेब, मग जावई."

लाजंनं मी महिनाभर ह्यांच्याशी बोलले न्हाई. चूक माझीच होती.

एवढं सांगून मी माईकवरच विचारलं, "आपल्या गावची पाण्याची टाकी शेवटची कवा धुतली?" सगळे फ्लेक्सकडं बघत बसले.

आठवण ठेवायची तर अशी ठेवा, टाकी धुवा. ह्या पोस्टखाली जोडलेले हात आन् फुलं कुणी टाकायची न्हाईत. ज्याच्याकडं टाकीची किल्ली हाय, त्यानंच टाकी धुवायची तारीख लिहायची.